सातव्या दिवसाआधी

१

चर्र झालं आणि सुहैर भानावर आली. दूध उतू जाऊन शेगडीवर पसरलं होतं, ज्योत पिवळी होऊन फडफडत होती. तिने घाईघाईने गॅस बंद केला.

"अगं, घरभर करपल्याचा वास सुटलाय," आतून तिच्या सासूबाईंचा, हाज्जा बहियांचा, आवाज आला. "आणि तू भांड्याला चिकटून उभी. नाक अजून सुट्टीवरच आहे वाटतं तुझं?"

"नाक सुट्टीवर, डोकं लॅबमध्ये. इथे फक्त हात आहेत, हाज्जा."

"हात तरी कुठे आहेत? असते तर दूध वाचलं असतं."

पाच वर्षांची नूरहान चटईवर लोळत खुदकन हसली. "आई, पेटीतली बाळं उठली का गं?"

"अजून नाही. आज बघायची."

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे बिशोय होता, तिचा लॅबमधला मदतनीस. तो एरवी फोनवर आधी नूरहानची चौकशी करायचा. आज नाही केली.

"डॉक्टर, लवकर या. गेली."

"किती?"

"सगळीच."

सुहैरने डोक्याला रुमाल गुंडाळला, चपला पायांत सरकवल्या. दारात हाज्जांनी धुतलेल्या एप्रनची पिशवी तिच्या हातात दिली. "हे विसरून निघालीस. घड्या मी घातल्यात, तुझ्या हातची घडी बघवत नाही."

इजिप्तमधल्या दमनहूर शहराच्या पलीकडे, कालव्याला लागून म्हशींचं पैदास केंद्र होतं. त्याच्या टोकाला तिची लॅब, एकच बंद खोली. सुहैर सूक्ष्मदर्शकावर वाकली. बशीत भ्रूणांचे टपोरे, चकचकीत गोळे दिसायला हवे होते. दिसल्या त्या काळवंडलेल्या, आक्रसलेल्या मनुका. तिने एकेक बशी पुन्हा पाहिली, जणू कुठे तरी एखादं लपून बसलं असेल.

केंद्राचे संचालक डॉ. मम्दूह दारातच उभे होते, बोटांत सिगारेट, एक पायही आत न टाकता.

"ही तिसरी खेप, सुहैर. रविवारी सकाळी मला कारण हवं. नाहीतर बिशोयला मी काढणार. गॅसची नळकांडी तो बदलतो, भांडी तो उकळतो, पेटीची किल्ली त्याच्याकडे. दुसऱ्या कुणावर बोट ठेवू?"

बिशोय भिंतीशी उभा होता. लग्नाला वर्ष झालेलं, बायकोला, मिरेतला, दिवस गेलेले. सुहैरला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल, निदान मान तरी हलवेल.

तो नुसता जमिनीकडे बघत राहिला, पकडला गेलेला माणूस बघतो तसा.

२

पारडीचं बीजांड म्हणजे पहाटे हलवून उठवलेलं मूल. उठतं, चालतं, पण डोळ्यांत झोप राहतेच. ही पारडं जेमतेम सहा-आठ महिन्यांची. माजावर यायला त्यांना बराच अवकाश. पण चांगल्या म्हशीच्या लेकीसाठी एवढं थांबायला नको, म्हणून सुहैर त्यांना थोडी इंजेक्शनं द्यायची, सुईने बीजांडं काढायची, बशीत रेड्याच्या बीजाशी गाठ घालून द्यायची आणि ऊबदार पेटीत ठेवायची. सातव्या दिवसापर्यंत टिकलं ते भ्रूण मोठ्या म्हशीच्या पोटात वाढायला जायचं. टिकायची मात्र थोडी. झोपाळू ना ती.

उन्हाळ्यात तर फारच थोडी टिकली. ते ठरलेलंच. दिवस मोठा आणि ऊन कडक असलं की म्हशीचं सगळं अंगच सुस्तावतं. तरी एकदा सुहैर घरी येऊन चुलीपाशी रडली होती.

आता दिवस लहान झाले होते, म्हशींचा हंगाम आला होता. रेडा तोच, इंजेक्शनं तीच. भ्रूणांची संख्या वाढायला हवी होती. उलट एकही उरत नव्हतं.

तिने मनाशी एकेक दार लावत आणलं. बीजांडं खराब असती तर ती रुजलीच नसती. रेड्याचं बीज खराब असतं तरी तेच. पण ही रुजत होती. एकाची दोन होत, दोनाची चार, अगदी मजेत. मग मध्येच थांबत. म्हणजे जन्मतः ती धड होती. पेटीत गेल्यावर त्यांना काहीतरी बाधत होतं. आणि तपासून घेतलेल्या गॅसशिवाय बंद पेटीत जाणारी एकच गोष्ट होती, खोलीतली हवा.

ती तडक डॉ. मम्दूहांकडे गेली.

"भाताचा पेंढा," ती म्हणाली. "कापणी झाली, शेतोशेती जाळतायत. आभाळ काळं झालंय. तो धूर येत असणार."

"पेंढा दरवर्षी जळतो."

"मग तुमची सिगारेट."

"मी उंबरठा ओलांडत नाही, तू बघतेस." त्यांनी राख झटकली. "आणि तो एक चांगला आठवडा विसरलीस? नूरहानला कांजिण्या आल्या, तू घरी बसलीस. तुझ्या जागी कैरोहून डॉ. वफीक आले. त्या खेपेला भ्रूण कसे तरारून आले होते. का? तर वफीक बिशोयच्या मानगुटीवर बसून होते. कुणाची नजर असली की पोरगा नीट काम करतो. तू त्याला धाकटा भाऊ मानतेस, म्हणून तुला दिसत नाही."

सुहैर दाराकडे वळली.

"शिवाय," ते म्हणाले, "त्यालाच विचार, रोज सकाळी कामावर आल्या आल्या तो मागच्या नळाखाली डोकं का धुतो. काय धुवून टाकतो?"

३

पारड्यांच्या गोठ्यात उम्म शौकीचं राज्य होतं. उम्म म्हणजे आई; शौकी तिचा मोठा मुलगा, सौदीला गेलेला. इथली पारडं मात्र तिला सोडून कुठे जात नव्हती. ती सुक्करला ओंजळीतून बरसीमचा हिरवा चारा भरवत होती. सुक्कर केंद्रातल्या सगळ्यात दुधाळ म्हशीची लेक. तिच्या गळ्यात उम्म शौकीने दृष्ट लागू नये म्हणून निळा मणी बांधला होता.

"हिची इंजेक्शनं चुकली का कधी? खाण्यात काही बदल?" सुहैरने विचारलं.

"चुकली?" उम्म शौकीने बाह्या सरसावल्या. "माझ्या सुनेचं बाळंतपण चुकलं, मी गेले नाही, पण हिची वेळ नाही चुकली. सून अजून बोलत नाही माझ्याशी. एका परीने बरंच आहे म्हणा."

सुहैरला हसू आलं.

"हां, अशा हसत जा. तुम्ही सकाळी पिशवी घेऊन इथून गेलात ना, की गोठ्यात कसं प्रसन्न वाटतं. कुणाकडे बाळ झालंय आणि सातव्या दिवसाला आपल्याला बोलावलंय, असं."

"लोणी लावू नका, उम्म शौकी."

"लोणी म्हशीचं. मी कशाला लावू?"

सुहैर निघता निघता थांबली. "पेंढ्याचा धूर इथवर येतो?"

"या आठवड्यात त्या मानाने काहीच नाही. तुमच्या पोरीला कांजिण्या होत्या ना, तेव्हा बघायला हवं होतं तुम्ही. दिवसा दिवे लावले. म्हशींच्या डोळ्यांना धारा, आम्ही तोंडाला ओली फडकी बांधून फिरत होतो."

सुहैरचा हात सुक्करच्या कपाळावर तसाच राहिला.

पेंढ्याचा धूर सगळ्यात दाट होता, तेव्हाच भ्रूण जगले होते. म्हणजे तो धूर बंद खोलीत शिरतच नव्हता, दोष पेंढ्याचा नव्हता. त्या आठवड्यात पारडं हीच होती. रेडा हाच. पेटी तीच, आणि बिशोयही होता.

एकच गोष्ट नव्हती. ती स्वतः.

४

बिशोय लॅबमागे कालव्याच्या काठावर बसला होता. केस ओले. सुहैर त्याच्या शेजारच्या दगडावर टेकली.

"बिशोय, शोध लागला. गुन्हेगार मी आहे."

त्याने दचकून पाहिलं.

"चांगल्या आठवड्यात फक्त मी नव्हते. माझ्यामुळे काहीतरी आत येतंय. काय येतंय ते मला कळत नाही."

"तुम्ही नाही, डॉक्टर." त्याचा आवाज चिरकला. "मी आहे. मला माहीत होतं. मी बोललो नाही."

"काय माहीत होतं?"

"वास." तो हाताची बोटं चोळत राहिला. "दर शुक्रवारी मी चर्चमध्ये सेवेला असतो, धुपाच्या अगदी जवळ. एक दिवस लॅबमध्ये शिरलो तर तिथे धुपाचा वास. मला वाटलं, माझ्या केसांतून आला. तुम्हीच शिकवलंय ना, भ्रूणांना अत्तरही सोसत नाही. मग मी इथे येऊन डोकं धुवायला लागलो. तरी वास होताच. मग चर्चला जाणंच सोडलं. मिरेत म्हणते, बाळ व्हायच्या वेळेला तू देवाकडे पाठ फिरवलीस. तिला काय सांगू?"

"चर्चला जाऊन किती दिवस झाले?"

"महिना होत आला."

"आणि वास?"

"आज सकाळीही होता. माझ्या कातडीतच मुरलाय तो." मग त्याने तिच्याकडे वळून पाहिलं. "तुम्ही कधी काही बोलला नाहीत. मला वाटायचं, तुम्ही मला सांभाळून घेताय."

सुहैरला गलबलून आलं. गेल्या हिवाळ्यात तिला मोठा ताप आला होता. त्या तापाने तिच्याकडून दोन गोष्टी नेल्या. एक नाक. दुसरी गोष्ट ती लॅबमध्ये कुणापाशी बोलली नव्हती, म्हणून पहिलीही बोलायची राहिली होती.

"मला वासच येत नाही, बिशोय. दूध करपलं तरी नाही. मला वाटत होतं, आपली खोली स्वच्छ आहे."

ती उठून उभी राहिली. पाण्यावरून एक बदक गेलं.

"चल," ती म्हणाली. "आज माझं नाक तू हो."

बिशोयने खोलीभर हुंगलं. पेटी, टेबल, एसीची जाळी. शेवटी तो पेटीशेजारच्या खुंट्यांपाशी थांबला, तिथे सकाळी आणलेले एप्रन टांगले होते. त्याने एकाची बाही नाकाशी धरली.

"हा चर्चमधला धूप नाही," तो सावकाश म्हणाला. "यात कलौंजी आहे, तुरटी आहे. हा दृष्टीवरचा धूप आहे. बाळाच्या सातव्या दिवशी घालतात तो." मग त्याला आठवलं. "डॉ. वफीकांनी येताना कागदी झगे आणले होते. त्या आठवड्यात हे एप्रन इथे नव्हतेच. बाहेरच्या धुराने माझं नाक चोंदलेलं, वास गेलाय हे मला कळलंच नाही. हे धुतं कोण?"

"मी," सुहैर म्हणाली. "बिनवासाच्या साबणाने. बाहेरच्या धुलाईचा वास लागू नये म्हणून मुद्दाम घरी नेते."

तिच्या डोळ्यांसमोर दारात पुढे केलेली ती पिशवी आली. एकसारख्या, नीट घातलेल्या घड्या.

५

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती न सांगता घरी आली. उरलेले एप्रन वाळत घालून ती सकाळी बाहेर पडली होती.

अंगणात खजुरीच्या काड्यांचा कोंबड्यांचा पिंजरा उलटा घातला होता. त्यावर तिचे पांढरे एप्रन पसरलेले आणि खाली मातीचं धुपाटणं. धूर कापडातून झिरपून वर निळसर तरंगत होता. नूरहान पितळी खल घेऊन टणटण वाजवत पिंजऱ्याभोवती फिरत होती. हाज्जा बहिया मुठीतून मीठ टाकत पुटपुटत होत्या.

"शेजारणीच्या नजरेतून सुटू दे. खालच्या गल्लीतल्या त्या घाऱ्या डोळ्यांच्या बाईच्या नजरेतून. डॉक्टर मम्दूहच्या नजरेतून."

"तेता, त्यांच्यासाठी दोनदा टाक," नूरहान म्हणाली. आजीला ती तेता म्हणायची. "ते आईला ओरडतात."

"दोनदाच टाकलंय, बाळा."

मग हाज्जांना उंबऱ्यातली सावली दिसली. हातातलं मीठ त्यांनी हळूच ओढणीत लपवलं, लहान मुलीसारखं.

"पाहिलंस होय. शिकलेली आहेस, तुला आवडायचं नाही, म्हणून सांगितलं नाही."

"कधीपासून, हाज्जा?"

"उन्हाळ्यात तू चुलीपाशी रडलीस ना. म्हणालीस, ती सातवा दिवस बघत नाहीत. मला कसंसंच झालं. त्यांच्यापर्यंत मी कशी पोचणार? पण हे कपडे पोचतात. आधी चिमूटभरच घालत होते. तरी ती जातच राहिली, म्हणून वाढवत नेलं." त्या खाली बसल्या. "जेवढी ती जात होती, तेवढं मी जास्त घालत होते, सुहैर."

सुहैर वाक्य जुळवून आली होती. रस्ताभर घोकलेलं, सरळ, सोपं वाक्य. ते आता तिला बोलवेना.

"त्या वेळेला मी घातलं नव्हतं," हाज्जा धुपाटण्याकडे बघत म्हणाल्या. "तुझ्या पोटात होतं तेव्हा. हुसाम कुवेतहून फोनवर म्हणाला, अम्मा, तिला धूर सोसत नाही, नको. मी लेकाचं ऐकलं. आणि मग तो ताप आला आणि बाळाला घेऊन गेला. मी रोज मनात म्हणते, बहिये, चिमूटभर घातलं असतंस तर काय बिघडलं असतं तुझं."

इतके महिने दोघी एका चुलीवर रांधत होत्या आणि हे दोघींच्या मध्ये असंच पडून होतं. सुहैरला ते दिसलंही नव्हतं.

"पण तू या वेळेला घरी कशी?" हाज्जांनी वर पाहिलं. "काय झालं?"

६

तिने खोटं सांगायचं मनात आणलं. उद्यापासून लॅबमध्येच धुलाई होणार म्हणावं आणि मोकळं व्हावं. पण मग रविवारी डॉ. मम्दूहांना काय सांगायचं? भिंतीशी मान खाली घालून उभा असलेला बिशोय तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

ती सासूबाईंशेजारी जमिनीवर बसली.

"हाज्जा, ती बाळं फार कोवळी असतात. त्यांना छाती नाही, कातडी नाही. हवेत असेल ते थेट त्यांच्या आत जातं. अत्तर, रंग, धूर. ते चांगल्या मनाने आलं की वाईट, त्यांना कळत नाही."

हाज्जांनी मूठभर माती घेऊन धुपाटण्यावर टाकली. धूर थांबला.

"म्हणजे मीच."

"धुराने झालं. तुम्ही तर दार राखत बसला होतात."

"दार राखता राखता दारच लावून घेतलं मी." त्यांनी ओढणीने डोळे पुसले. सुहैरने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. नूरहाननेही खल खाली ठेवून आईचं बघून तसंच केलं, दुसऱ्या खांद्यावर. थोड्या वेळाने हाज्जा म्हणाल्या, "सरका जरा दोघी, मला श्वास घेऊ द्या. आणि त्या पोराचं काय? बिशोयचं?"

"रविवारी त्याला काढणार आहेत."

"त्याने काय केलं?"

"काहीच नाही. त्याला वाटत होतं, वास त्याचा आहे. म्हणून तो चर्चला जायचा थांबला."

"अरे देवा. माझ्यापायी?" त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "रविवारी मी येते."

"हाज्जा, मी सांगेन ना."

"तू सांगशील तर म्हणशील, चूक माझीच. मला माहीत नाहीस का तू? मी येते."

रविवारी त्या खरंच आल्या, काळ्या पायघोळ अबायात, डॉ. मम्दूहांच्या टेबलासमोर. सुहैरने सगळं क्रमाने मांडलं. रुजून मग मरणारे भ्रूण, म्हणजे दोष हवेचा. दाट धुराचा आठवडा आणि जगलेले भ्रूण, म्हणजे पेंढा नव्हे. कागदी झगे, म्हणजे एप्रन. आणि जिला वास यायला हवा होता तिचं नाक गेलेलं, ज्याला आला त्याला तो आपलाच वाटलेला, तर संचालकांना स्वतःच्या सिगारेटपुढे काही येतच नव्हता.

डॉ. मम्दूहांनी हातातली सिगारेट विझवली.

"हे मी केलं," हाज्जा म्हणाल्या. "काढायचं तर मला काढा."

"तुम्ही नोकरीला कधी होतात?"

"उन्हाळ्यापासून तुमच्या एप्रनच्या घड्या घालते. फुकट."

डॉ. मम्दूहांना हसू आवरेना. ते ओठ दाबून खिडकीबाहेर बघत राहिले, आणि मग म्हणाले, "बिशोय, जा, पेटी धुवायला घे. नवी खेप लावायचीय. एप्रन आता इथेच धुवायचे. आणि येत्या शुक्रवारी चर्चला जा बाबा. फक्त घरी जाऊन आंघोळ करून ये."

बाहेर आल्यावर हाज्जांनी पिशवीतून कागदाची पुडी काढून बिशोयच्या हातात ठेवली. "उरलेलं सगळं यात आहे. मिरेतला दे. बाळ झालं की सातव्या दिवशी घाल. दार उघडं ठेवून."

बिशोयने त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं.

७

नव्या खेपेचा सातवा दिवस आला तेव्हा सुहैर दोघींना घेऊन लॅबवर गेली. हाज्जा काचेबाहेरच थांबल्या. आत या म्हटलं तरी येईनात. हात अबायाखाली घट्ट धरलेले, नुसते ओठ हलत होते.

सगळी काही टिकली नव्हती. पारडीच्या बीजांडांचं तेवढंच असतं. पण काही टिकली होती. बिशोयने बशी सरकवली आणि पडद्यावर एक टपोरा, पारदर्शक गोळा उजळला, कडेला चिमूटभर दाट. सुक्करचा.

नूरहान स्टुलावर चढली. "एवढंच बाळ?"

"एवढंच."

"हे पेटीत होतं म्हणून नाही मेलं?"

"हो. ऊब होती, हवा स्वच्छ होती, म्हणून."

नूरहानने पडद्यावर बोट टेकवलं, गोळ्याच्या अगदी मधोमध, आणि तसंच धरून ठेवलं. काचेपलीकडे हाज्जांचे ओठ थांबले होते.

"मग आई, आपल्या बाळाला का नाही गं कुणी पेटीत ठेवलं?"